साधी गाठ

राजाक्का निपाणीहून पहिल्या एस.टी.नं आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "दाखव."

"अगं, आधी पाणी तरी पी."

"पाणी नंतर. आत चल."

मधल्या खोलीचं दार तिनंच लावून घेतलं. मी ब्लाउजची हुकं काढली. तिनं हात लावला आणि लगेच मागं घेतला. गाठ डावीकडं होती, वरच्या बाजूला, लिंबाएवढी.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीत हाताला लागली. तेव्हा सुपारीएवढी होती."

"आणि आज जूनचा शेवटचा रविवार. पाच महिने गप्प बसलीस? मला परवा फोनवर सांगतीस?"

"गप्प कुठं बसले? अण्णांना मार्चमध्येच सांगितलं की."

राजाक्का पलंगाच्या कडेवर बसली आणि पदरानं गळ्याचा घाम पुसत राहिली.

ही दोन हजार तेराची गोष्ट. मी अडतीस वर्षांची होते. जयसिंगपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. लग्न झालं नव्हतं. अकराव्या गल्लीतल्या घरात मी आणि अण्णा, दोघंच राहायचो. अण्णा म्हणजे मगदूम गुरुजी. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलेलं. बाजारात निघाले की डोक्यावर पांढरे केस आलेली माणसंसुद्धा वाकून पाया पडायची. आई गेली तेव्हा मी नववीत होते आणि राजाक्काचं लग्न होऊन ती निपाणीला गेलेली. अण्णा माझ्या वेण्या घालायला शिकले. दोन वेण्या सारख्या झाल्या नाहीत तर सोडून परत घालायचे, स्वतःच्या शाळेला उशीर झाला तरी चालेल. मला कुणी 'तुझं जगात कोण' असं विचारलं असतं तर दुसरं नाव तोंडात आलं नसतं.

"उद्या मिरजेला जायचं," राजाक्का म्हणाली. "तपासून घ्यायचं."

"तपासायला माझी ना नाही. पण सुई नको."

"सुईशिवाय कसं कळणार?"

"ते मला माहीत नाही. सुई लावली की कॅन्सर पसरतो. आईचं काय झालं?"

"त्रिशला, तू पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवतीस, आणि तू असं बोलतीस?"

"मला नियम आहे, अक्का. तुला माहीत आहे."

माहीत होतंच तिला. आमच्या जैन घरांत नियम म्हणजे चेष्टा नाही. घेतला की आयुष्यभर पाळायचा. माझा नियम आईनं दिलेला. शेवटच्या आठवड्यात तिला आडवं झोपवत नव्हतं, दम लागायचा, पाठीशी तीन उशा लावून बसवलेली असायची. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात तिच्या हातात घेतला आणि भिंतीवरच्या महावीरांच्या तसबिरीकडं बघून म्हणाली, "नियम घे. कधीही, काहीही झालं, तरी गाठीला सुई लावून घेणार नाहीस. साधी गाठ होती गं माझी. मीच अंतूचं ऐकलं आणि सुई लावून घेतली. माझ्या हातानं मी हे ओढवून घेतलं." मी नियम घेतला. अण्णा तिथंच, तिच्या पायथ्याशी, पाय चेपत बसले होते.

अंतू म्हणजे अनंतमती, आईची धाकटी बहीण. ती ब्लाउज शिवायची. राजाक्काच्या साखरपुड्यासाठी आईचं माप घेताना तिच्याच हाताला आईची गाठ लागली होती, आणि तीच आईला ओढत डॉक्टरकडं घेऊन गेली होती.

राजाक्का आणि मी बाहेर सोप्यात आलो. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. ते पेपराआडूनच म्हणाले, "राजमती, तिच्यावर जबरदस्ती नको. आपल्या घरात सुईनं एकदा काय केलंय, ते तूही बघितलंयस."

राजाक्का त्यांच्याकडं बघत उभी राहिली. बराच वेळ. अण्णांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मग बस्तीत जाऊन येतो म्हणाले. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. रोज सकाळी आठला जाणारे अण्णा त्या दिवशी साडेसातलाच निघाले.

फाटक वाजलं तशी राजाक्का स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला पाठ लावून उभी होती.

"त्रिशला, आईला सुईनं काही झालं नव्हतं."

"म्हणजे?"

"सुई लावली तेव्हाच तो होता. रिपोर्टात आलं होतं. जानेवारीतच."

"काहीतरी बोलू नकोस. रिपोर्ट साधा होता. अण्णाच आणायला गेले होते."

"हो. अण्णा एकटेच आणायला गेले होते."

कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कुणीच गॅस बारीक केला नाही.

"निपाणीची माणसं फेब्रुवारीत साखरपुड्याला यायची होती," राजाक्का सांगायला लागली. ती माझ्याकडं बघत नव्हती. "अण्णांनी मला बस्तीच्या मागं आडाजवळ नेलं आणि सांगितलं. म्हणाले, आईला कॅन्सर आहे. स्तन काढायला सांगितलंय. पण हे बाहेर फुटलं तर निपाणीकर पाय मागं घेतील. ज्या घरात आईला हा रोग आहे त्या घरातली पोरगी कोण करून घेईल? तुझं मोडेल आणि पुढं धाकटीचंही जमणार नाही. मे महिन्यात लग्न उरकलं की लगेच ऑपरेशनला नेतो. चार महिन्यांत काय होतंय?"

"आणि तू हो म्हणालीस."

"एकवीस वर्षांची होते गं मी."

"मे महिन्यात लग्न झालं. मग?"

"मग म्हणाले, नवं नातं आहे, दिवाळसण होऊ दे. तोवर कुठल्याशा वैद्याची पुडी चालू केली होती. दिवाळीला मी आले तर आईला चार पायऱ्या चढवेनात. तेव्हा कुठं सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांना माझ्यासमोर झापलं, दहा महिने काय करत होतात म्हणून. छातीत पाणी झालं होतं.  घरी आल्यावर आईनं विचारलं, काय म्हणाले? तर अण्णा म्हणाले, त्या सुईनं साधी गाठ चिघळली."

"आईला खरं कधीच कळलं नाही?"

तिनं मान हलवली.

"म्हणजे मला नियम देताना तिला वाटत होतं की तिचंच चुकलं."

"हो."

"आणि अण्णा तिथं बसले होते."

"मला नको विचारू, त्रिशला."

"मग कुणाला विचारू? तेवीस वर्षं तू गप्प आहेस. अंतूमावशीला या घरानं खुनी ठरवलं, तू गप्प. मी या घरात राहिले, तू दर दिवाळीला आलीस, गप्प."

"माझ्या सासरी कळलं असतं तर…"

 भात करपल्याचा वास यायला लागला होता.

अण्णा नऊ वाजता आले. कपाळाला गंध होतं. मी सोप्यातच उभी होते.

"अण्णा, आईच्या रिपोर्टात काय होतं?"

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं, दारात उभ्या असलेल्या राजाक्काकडं बघितलं. तेवढं मला पुरलं. तोपर्यंत मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी वाटत होतं की अक्काचंच काहीतरी चुकत असेल.

"जुन्या गोष्टी उकरून काय मिळतंय, बाळ?"

"मी मार्चमध्ये तुम्हाला गाठ दाखवायला जाते म्हणाले. तुम्हीच मला नियमाची आठवण करून दिलीत."

"मी जाऊ नको म्हणालो नाही. विचार करून ठरव म्हणालो."

आयुष्यभर पोरांच्या गणितातल्या पायऱ्या तपासून अर्धा अर्धा मार्क कापलेला माणूस. शब्द बरोबर होते त्यांचे. त्यांनी 'नको' म्हटलं नव्हतं.

"का केलंत?"

"तुमच्यासाठी. तुम्हा दोघींसाठी. तुझंही लग्न व्हायचं होतं."

"मला कुणी बघायला तरी आलं का, अण्णा? आई कशानं गेली हे सगळ्या गावाला कळलंच की शेवटी."

ते आरामखुर्चीत बसले.  मला एकदम त्यांना पाणी द्यावंसं वाटलं, सवयीनं. मी दिलं नाही.

"आणि मी मेले असते तर?"

"असं अभद्र बोलू नये घरात," अण्णा म्हणाले.

मी पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि त्याच दुपारी मिरजेला गेले.

अंतूमावशीचं घर शोधायला वेळ लागला नाही, मी लहानपणी बघितलेल्या त्याच बोळात ती अजून राहत होती. खाली दुकान, वर खोली. दुकानाच्या उंबऱ्याशी मात्र माझे पाय थांबले. आई गेली त्यानंतर आठव्या दिवशी ती आमच्या दाराशी आली होती. मी कडी काढली नाही. खिडकीच्या गजांतून ओरडले होते, "तू मारलंस माझ्या आईला. परत येऊ नकोस." तिच्या हातात डबा होता, बहुतेक लाडवांचा. ती काही न बोलता तो पायरीवर ठेवून गेली. अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता.

मावशी मशीनवर होती. केस पार पांढरे झाले होते. वर बघून तिनं मला ओळखलं, आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावर, पदरावर, हातावर फिरली, जशी गिऱ्हाइकाचं माप घेताना फिरते.

"डावी व्हय?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. गाठ झाल्यापासून मी डावा हात अंगापासून लांब धरत होते, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"किती दिवस?"

"पाच महिने."

तिनं सुईखालचं कापड तसंच सोडलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मग मी तिला सगळं सांगितलं. राजाक्का जे बोलली ते, क्रमानं. ती ऐकत होती. रडली नाही. एकदाच मध्ये म्हणाली, "तारीख काय होती रिपोर्टाची?" मी म्हटलं, माहीत नाही, जानेवारीचा शेवट असेल.

"मी दाजींना संक्रांतीनंतर तीनदा विचारलं," ती म्हणाली. "तीनदा सांगितलं, साधी गाठ आहे. मी बस्तीत नारळ फोडला." थोड्या वेळानं म्हणाली, "तेवीस वर्षं दर रोज मला वाटतंय, मी तिचं माप घ्यायला नको होतं. न बघितल्यासारखं करायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी, पहिल्या जुलैला, तीच माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टर हेर्लेकर नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी करायला लावली, आणि सुईसाठी बुधवारची वेळ दिली. बुधवारी मी टेबलावर आडवी झाले तेव्हा माझे दात वाजत होते. सगळं कळलं होतं, तरी वाजत होते. आईचा हात आठवत होता.

"बाई, एक विचारू? सुईनं पसरतो का?"

त्यांनी हातमोजे घालता घालता माझ्याकडं बघितलं. "रोज कुणीतरी विचारतंच. नाही पसरत. सुई येता-जाता चार पेशी वाटेत सांडल्या, असं क्वचित होतं. पण त्या तिथं रुजून रोग वाढला, असं जवळजवळ होत नाही, आणि पुढं ऑपरेशन, किरणांचा शेक, औषधं यांत तो भाग येतोच. सुई लावली म्हणून बायका लवकर गेल्या, असं इतक्या वर्षांत कुठंही दिसलेलं नाही. आणि सुई लावली नाही तर मला कळणारच नाही की हे काय आहे आणि त्याला कुठलं औषध चालेल."

"मग लोक का म्हणतात?"

"कारण बायका उशिरा येतात. आल्यावर पहिल्यांदा सुईच लागते. पुढं जे होतं त्याला लोकांना सुई आठवते. त्याआधीचे महिने कुणाला आठवत नाहीत."

आधी भूल दिली. मग खटका दाबल्यासारखा आवाज पाच वेळा झाला. दुखलं नाही म्हणणार नाही, पण दाढेच्या दुखण्याइतकंही नाही. बाईंनी मला बाटली दाखवली. फॉर्मेलिनमध्ये पाच पांढरट धागे तरंगत होते, शेवईच्या तुकड्यांसारखे. तो वास माझा रोजचा होता. माझ्या प्रयोगशाळेत बेडूक त्यातच ठेवलेले असायचे. एवढंसं काहीतरी. एवढ्याशासाठी मी पाच महिने थांबले होते.

रिपोर्ट आठवड्यानं आला. मीच आणला, मीच वाचला, आणि मावशीला मोठ्यानं वाचून दाखवला. कॅन्सर होता. पुढं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या तीन गाठींत सापडला. पाच महिन्यांपूर्वी त्या तीन असत्या का, हे मी हेर्लेकर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हे कुणालाच सांगता येणार नाही. आता पुढचं बघू."

अण्णा दवाखान्यात रोज यायचे. जयसिंगपूरहून एस.टी.नं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हातात पिशवी. माझ्या खाटेशी बसून मोसंबी सोलायचे, प्रत्येक फोडीवरचं साल आणि बिया काढून माझ्या हातात द्यायचे. मावशी आली की उठून व्हरांड्यात जायचे. एके दिवशी माझ्या पायांवर डोकं ठेवून रडले. "घरी ये," म्हणाले. "मी सगळं करीन तुझं. मला एकट्याला ठेवू नकोस." मी विरघळले. बाप होता. म्हातारा झाला होता. आणि मला वाटलं, माणसाला एकदा कळलं की कळतं. मावशीनं अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "बघ तुझं तू."

जुलैच्या शेवटी मी अकराव्या गल्लीत परतले. राजाक्का महिनाभर राहायला आली. आणि अण्णांनी खरंच सगळं केलं. सकाळी मऊ भात, संध्याकाळी माझ्या हाताचा व्यायाम, भिंतीवर बोटं चढवायची तर ते शेजारी उभे राहून मोजायचे, "अजून एक, शाबास." शाळेत पोरांना म्हणायचे तसं.

पहिल्या केमोला जायला चार दिवस राहिले होते. रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. गल्लीतल्या तिघीचौघी बायका मला बघायला आल्या होत्या. मला डोळा लागला असेल असं समजून अण्णांनी त्यांना सोप्यातच बसवलं होतं. मी जागी होते. पडद्यापलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काय सांगायचं तुम्हाला," अण्णा म्हणत होते. "मी नको नको म्हणत होतो. ऐकलं नाही. सुई लावली आणि पंधरा दिवसांत काखेत गेलं. हिच्या आईचंही अगदी असंच."

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

मी छताकडं बघत होते. हे मला ऐकू आलं, पण थोडा वेळ काही समजलं नाही. मग एक हलका आवाज आला. तिसऱ्या घरातली वैजयंता वहिनी. पस्तिशीची, नवरा शिरोळच्या कारखान्यात.

"गुरुजी, मलापण एक गाठ लागलीय. उद्या मिरजेला सुई लावायला बोलावलंय. मग आता जाऊ की नको?"

 मी अण्णा आता काय म्हणतात याची वाट बघत होते. त्यांना एक संधी द्यावी असं माझ्या मनात होतं, हे मी आज कबूल करते.

"तू विचार करून ठरव, बाई," अण्णा म्हणाले. "आमच्या घरातल्या दोघींचं तर तू बघतीयस."

मी उठले. कपाटातून फाईल काढली. पडदा बाजूला करून सोप्यात आले. केस विस्कटलेले, अंगात अण्णांचाच एक जुना सदरा, कारण हात वर करून ब्लाउज घालता येत नव्हता.

"वहिनी, सुईनं काही झालेलं नाही," मी म्हटलं. "ही बघा सोनोग्राफी. तारीख वाचा. पहिली जुलै. ही इथं काखेतली गाठ लिहिलीय. आणि सुई लावली तीन जुलैला. सुई लागायच्या आधीच तो तिथं पोचला होता. पाच महिने मी घरात बसून राहिले म्हणून पोचला."

"त्रिशला, आत जा," अण्णा म्हणाले.

"माझ्या आईचंही सुईनं झालं नाही. रिपोर्टात कॅन्सर आला होता. अण्णांनी तो दहा महिने लपवून ठेवला. आईपासूनसुद्धा."

अण्णा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज अगदी शांत होता, वर्गातल्यासारखा. बायकांना म्हणाले, "तिला औषधांची गुंगी आहे. ऑपरेशनपासून असं काहीबाही बोलतीय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बायकांनी माझ्याकडं बघितलं. मग गुरुजींकडं. त्या कुणावर विश्वास ठेवणार ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"राजाक्का," मी हाक मारली. "बाहेर ये. सांग यांना."

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात चहाचा ट्रे होता. वैजयंता वहिनीची नणंद निपाणीला दिलेली, राजाक्काच्या सासरच्याच गल्लीत. राजाक्कानं अण्णांकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, आणि कपांकडं बघत म्हणाली, "चहा घ्या सगळ्याजणी. निवतोय."

तिनं ट्रे ठेवला आणि आत गेली.

वैजयंता वहिनीनं चहा घेतला नाही. फाईलमधला कागद तिच्या हातात होता. तिनं तारखेवर बोट ठेवलं, मग दुसरा कागद मागितला, त्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. अण्णा तिला काही सांगायला लागले, तर ती त्यांना मध्येच तोडून मला म्हणाली, "ताई, उद्या माझ्याबरोबर येशील?"

"येईन."

मी गेले. पिशवी घेऊनच गेले, आणि परत अकराव्या गल्लीत राहायला आले नाही. वहिनीची गाठ निरुपद्रवी निघाली. तिनं गल्लीत पेढे वाटले. अण्णांनाही दिला. त्यांनी तो कपाळाला लावून घेतला आणि म्हणाले म्हणे, "मी सांगितलंच होतं, घाबरू नकोस."

माझी केमो मावशीच्या घरी झाली. आठ वेळा. या गोष्टीला आता अकरा वर्षं होऊन गेली. मी आहे, हे वेगळं सांगायला नको. राजाक्काचे फोन यायचे. मी हवापाणी विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

सप्टेंबरात आमचं पर्व असतं, दहा दिवसांचं. ते संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या दारी जायचं, हात जोडायचे आणि 'उत्तम क्षमा' म्हणायचं. वैऱ्याच्या दारीही जायचं, अशी रीत आहे. त्या वर्षी तो दिवस आला तोवर माझे केस गेले होते. मी मावशीच्या दुकानात खुर्चीवर बसून तिला हुकं लावून देत होते. उंबऱ्यात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर अण्णा. पांढरं धोतर, पांढरी टोपी. एस.टी. स्टँडपासून चालत आले असावेत, दम लागला होता.

ते माझ्याकडं आले नाहीत. सरळ मावशीच्या मशीनसमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातातलं हूक खाली पडलं.

"अनंतमती," ते म्हणाले, "जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल, तर उत्तम क्षमा."

मावशीनं पायडलवरचा पाय काढला. मशीन थांबलं. ती उठली नाही.

"दाजी," ती म्हणाली, "त्यातलं एक सांगा. जाणता का अजाणता?"

  अण्णांनी एकदा माझ्या डोक्याकडं बघितलं, जिथं त्यांनी वेण्या घातल्या होत्या तिथं आता काहीच नव्हतं. त्यांचे जोडलेले हात तसेच होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा अण्णा. एकच शब्द. म्हणा.

"अजाणता," अण्णा म्हणाले.

मावशीनं मान हलवली. "मग क्षमा कशाची मागताय?" ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.